मोठ्याने बोल, पण ओरडू नकोस

सून स्वयंपाकघरातून काहीतरी विचारते. बाहेरच्या खोलीतून सासूबाई म्हणतात, "काय? जरा मोठ्याने बोल की." सून पुन्हा विचारते. उत्तर नाही. तिसऱ्यांदा ती दारात येऊन आवाज चढवते, तर सासूबाईंचा चेहरा एकदम आक्रसतो. "अगं, ओरडतेस कशाला? बहिरी नाही मी." ठाण्याच्या नौपाड्यातलं दोन खोल्यांचं जुनं घर असो की घोडबंदर रोडवरचा अठरावा मजला, हा संवाद ठरलेला. आणि रात्री नवऱ्याजवळ निघणारा निष्कर्षही ठरलेला: "त्यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं."

हा आरोप बहुतेक वेळा चुकीचा असतो. "मोठ्याने बोल" आणि "ओरडू नकोस" ही दोन्ही वाक्यं एकाच कानातून, एकाच कारणाने निघतात. स्वभावाचा त्यात फारसा संबंध नाही. ते कारण कळलं नाही, तर कानाचं मशीन पाऊण लाखाचं घेतलं तरी महिन्याभरात ते कपाटातल्या दागिन्यांच्या डबीत जाऊन पडतं.

शाळेच्या पुस्तकातली आकृती बहुतेकांना आठवत असते: पाळी, नळी, पडदा, हातोडी-ऐरण-रिकीब आणि शेवटी गोगलगाईसारखा शंख. त्या आकृतीत एक गोष्ट सांगायची राहून जाते. यातला जवळजवळ प्रत्येक भाग आवाज वाढवायचं काम करतो. कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब. बासरीत जशी ठरावीक सुराला हवा घुमते, तशी या नळीत ३००० हर्ट्झच्या आसपासची कंपनं घुमतात आणि १० ते १५ डेसिबलने वाढून पडद्यावर पडतात. पुढची अडचण मोठी आहे, कारण शंखाच्या आत हवा नसते, द्रव असतो. मासुंदा तलावात डोकं बुडवलेल्या माणसाला काठावरची हाक ऐकू येत नाही, कारण हवेतला आवाज पाण्यावर आपटून बहुतेक सगळा परत फिरतो. कानात हे होऊ नये म्हणून पडद्याच्या पसरट भागावरचा दाब रिकिबीच्या इवल्याशा तळव्यावर एकवटला जातो. दोन्हींच्या क्षेत्रफळात सुमारे १७ पटींचा फरक, त्यात हाडांच्या तरफेची थोडी भर. सगळं मिळून २५ डेसिबलच्या आसपास फायदा होतो. पडद्याला भोक पडलं, मध्यकर्णात पाणी साचलं किंवा रिकीब जखडली की नेमका हा फायदा जातो. असा दोष पुष्कळदा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतो, म्हणून मशीनच्या दुकानाआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचं.

शंख उलगडला तर लांबी जेमतेम ३५ मिलिमीटर. त्यात सूर पेटीच्या पट्ट्यांसारखे मांडलेले असतात. तोंडाशी सगळ्यात उंच सूर, आत टोकाशी सगळ्यात खालचे. शंखाच्या आत लांबच लांब पसरलेला पातळ पडदा असतो (कानाच्या पडद्याहून वेगळा), आवाजाची लाट त्याच्यावरून कशी धावते हे दाखवल्याबद्दल गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल मिळालं. या पट्टीवर दोन तऱ्हेच्या रोमपेशी असतात. आतल्या ओळीतल्या साधारण ३५००, त्या मेंदूला निरोप धाडतात. बाहेरच्या ओळींतल्या साधारण १२०००, आणि त्यांचं काम अजब आहे. कंपन आलं की त्या स्वतः आखूड-लांब होतात, जणू ठेका धरतात, आणि हळू आवाजाला आतल्या आत ५० डेसिबलच्या आसपास उचलून धरतात. मोठ्या आवाजाला मात्र त्या हात लावत नाहीत, त्याला मदतीची गरजच नसते. या नाचाचा पुसटसा आवाज कानाबाहेरही येतो. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये तो पकडून दाखवला आणि आज नवजात बाळाची श्रवणचाचणी बहुधा त्यावरच होते. बाळ झोपलेलं असताना, दोन-चार मिनिटांत.

वय, गोंगाट, जेंटामायसिनसारखी काही औषधं, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन, यांचा पहिला तडाखा या बाहेरच्या पेशींनाच बसतो. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत.

आता सासूबाईंकडे परत येऊ. तरुण कानाचा उंबरठा शून्य डेसिबलच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून हळू ऐकू येत नाही. छत असतं १०० च्या आसपास, त्यावर आवाज असह्य होतो. कुजबुज ३०, समोरासमोरचं बोलणं ६० ते ६५, मिक्सरजवळ उभं राहिलं तर ८० ते ९०. एवढ्या उंच खोलीत सगळं आरामात मावतं. बाहेरच्या रोमपेशी गेल्या की हळू आवाज उचलणारं कुणी उरत नाही आणि उंबरठा चढतो, समजा ६० वर. छत मात्र असतं तिथेच राहतं, कधी चार बोटं खालीच येतं, कारण मोठ्या आवाजाला त्या पेशी लागतच नव्हत्या. शंभराची खोली चाळिसाची झाली. सुनेचं नेहमीचं बोलणं उंबरठ्याशी घुटमळतं, आणि दारात येऊन मारलेली हाक थेट छताला जाऊन थडकते. मधली जागाच उरलेली नाही. शास्त्रात याला रिक्रूटमेंट म्हणतात. घरात मात्र याचं नाव "नाटकं".

डेसिबल हा गुणाकाराचा हिशेब असल्यामुळे इथे आणखी गोंधळ होतो. १० डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दहापट होते, आणि धडधाकट कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. अरुंद झालेल्या खोलीत तेवढीच वाढ कितीतरी जास्त जाणवते. भांडं पडलं की दचकणं, कुकरच्या शिट्टीला कानावर हात जाणं, हे सगळं त्यातलंच.

दुसरी तक्रार याहून नेमकी असते: "ऐकू येतं, पण समजत नाही." वयाने किंवा गोंगाटाने जाणारी श्रवणशक्ती सगळ्या सुरांत सारखी जात नाही, उंच सूर आधी जातात. बोलण्यातली ताकद असते स्वरांत. आ, ओ, ऊ हे खालच्या सुरांत, दणकट. म आणि न सुद्धा खालीच. अर्थ वेगळा करण्याचं काम मात्र बरंचसं व्यंजनं करतात, आणि त्यांतली स, श, फ, ख, थ, ठ यांसारखी व्यंजनं हवेची आणि अशक्त. 'स'चा जोर ४००० ते ८००० हर्ट्झमध्ये, 'श' जरा खाली. तो पट्टा गेला की 'साठ'मधला स गळतो आणि उरतो 'आठ'. जांभळी नाक्यावर भाजीवाला "साठला पाव" म्हणतो आणि आजोबा आठ रुपये काढून उभे. 'सात'चं 'आत' होतं, 'फळ' आणि 'पळ', 'थाट' आणि 'ताट', 'खाल' आणि 'काल' एक होतात. मराठीत तर एकाच अक्षराचे दोन उच्चार आहेत. 'चार आणे' मधला च आणि 'गुरं चार' मधला च यांतला फरक हा निव्वळ वरच्या सुरांतल्या घर्षणाचा आहे. कागदावर तो दिसत नाही आणि दुबळ्या कानाला ऐकूही येत नाही. अर्थ संदर्भावरून जुळवावा लागतो, आणि दिवसभर असं जुळवत बसलं की माणूस संध्याकाळी थकतो. लग्नाच्या हॉलमधून ज्येष्ठ मंडळी लवकर निघायची घाई करतात, त्यामागे बऱ्याचदा हीच दमछाक असते.

म्हणूनच ओरडण्याचा उपयोग होत नाही. 'आ' हवा तेवढा मोठा करता येतो, 'स' ओरडता येत नाही. करून पाहा. आवाज चढवला की स्वर फुगतात, व्यंजनं जवळपास तिथेच राहतात आणि त्या स्वरांखाली आणखी दबतात. सुनेने गळा काढून म्हटलेलं वाक्य जास्त मोठं आणि जास्त अस्पष्ट, दोन्ही असतं.

तपासणीकडे वळू, कारण चुकीची सुरुवात इथेच होते. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये टेबल टाकून केलेली मोफत तपासणी म्हणजे पंख्याच्या घरघरीत घेतलेली परीक्षा. खालच्या सुरांचे आकडे त्यात हमखास बिघडतात. ऑडिओमेट्री, म्हणजे कोणता सूर किती हळू असताना ऐकू येतो याची मोजणी, आवाजरोधक केबिनमध्येच व्हायला हवी. त्याआधी कानात डोकावून मळ पाहायचा. गच्च बसलेला मळ स्वतःच दडा बसवतो आणि आकडे खोटे पाडतो. (बड्सनी मळ निघत नाही, आत ठासला जातो. कानकोरण्याचं तर नावच नको.) मग पडद्याची हालचाल मोजणारी इंपिडन्स चाचणी. मग हेडफोन लावून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर. ऐकू आला की १० ने खाली, नाही आला की ५ ने वर, असं करत उंबरठा शोधतात. त्या उंबरठ्यांचा आलेख निघतो, त्यात रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली. त्यानंतर कानामागच्या हाडावर कंपक ठेवून तेच पुन्हा. हवेतून आणि हाडातून आलेल्या रेघांमध्ये अंतर पडलं तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे. दोन्ही रेघा एकत्र खाली उतरल्या तर शंखात किंवा नसेत.

आलेख हातात पडल्यावर बहुतेक जण खालचा सरासरीचा आकडा वाचतात. सापळा तिथेच आहे. समजा ५०० हर्ट्झवर २०, १००० वर २५, २००० वर ३०, आणि ४००० वर एकदम ६५. जुन्या पद्धतीने पहिल्या तिघांची सरासरी निघते २५, आणि शेरा येतो "नॉर्मल". माणूस घरी येऊन सांगतो, "बघा, माझे कान ठणठणीत आहेत. तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता." जागतिक आरोग्य संघटना २०२१ च्या अहवालात ४००० सुद्धा सरासरीत धरते. मग तोच आकडा ३५ होतो आणि तोच कान मध्यम दोषाच्या वर्गात जातो. तेव्हा सरासरी सोडा, रेघेचा उतार बघा.

आणखी दोन चाचण्या मागून घ्याव्यात, कारण घाईत त्या गाळल्या जातात. एक, शब्द ऐकवून घेतलेली चाचणी. पुरेशा मोठ्या आवाजात ऐकवूनही किती टक्के शब्द बरोबर ओळखता येतात, यावर मशीनकडून किती अपेक्षा ठेवायची ते ठरतं. शब्द रुग्णाच्या भाषेतले हवेत. आयुष्यभर मराठी बोललेल्या बाईंना हिंदी शब्द ऐकवून गुण काढण्यात अर्थ नाही. दुसरी, असह्यतेची पातळी, म्हणजे छत कुठे आहे ते. ती मोजलीच नाही तर मशीन आवाज कुठवर चढवणार, हे नुसत्या अंदाजावर राहतं.

एक गोष्ट मात्र या सगळ्या सावकाशीत बसत नाही. सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, किंवा दोन-तीन दिवसांत झपाट्याने कमी झालं, तर "पावसाने दडा बसला असेल" म्हणून तेल घालत बसू नये. ती तातडीची स्थिती आहे. स्टेरॉइड वेळेत सुरू झाली तर ऐकणं परत येण्याची शक्यता असते, आणि दोन आठवडे उलटले की ती झपाट्याने घटते. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठावा.

आवाज सोसत नाही म्हणणारे सगळेच कमी ऐकणारे नसतात. काहींचा आलेख स्वच्छ असतो आणि तरी स्टीलच्या वाट्यांचा खणखणाट, रिक्षाचा हॉर्न, मुलांचा किलकिलाट कानात टोचतो. हा हायपरॅक्युसिस. तिथे तक्रार आवाजाच्या मोठेपणाची असते. मिसोफोनिया वेगळा. त्यात आवाज हळूच असतो, पण ठरावीक असतो: शेजारच्याचं मचमच खाणं, चहाचा फुर्रकन घोट, पेनची टकटक. दुखत काही नाही, डोक्यात तिडीक जाते. दोन्हींना आपल्याकडे "फार नाजूक बाई" हे एकच औषध मिळतं. हायपरॅक्युसिसमध्ये लोक सहज करतात ती चूक म्हणजे दिवसभर कानात कापूस किंवा बोळे घालून बसणं. बाहेरून येणारं कमी झालं की मेंदू आतला व्हॉल्यूम वाढवतो, आणि बोळे काढल्यावर तेच आवाज आधीपेक्षा जास्त बोचतात. उपचार उलट्या दिशेने जातो. खोलीत पंखा किंवा पावसासारखा मंद, सततचा आवाज ठेवायचा आणि आठवड्यागणिक थोडा थोडा वाढवायचा. जोडीला समुपदेशन. काही महिने लागतात.

बोळे वापरायचे तिथे मात्र बिनदिक्कत वापरावेत. ८५ डेसिबलला ८ तास ही सर्वसाधारण मर्यादा मानली तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. दहीहंडीच्या स्पीकरच्या भिंतीसमोर उभ्या असलेल्या पोराचा दिवसभराचा कोटा पहिल्या दोन-तीन गाण्यांतच संपतो. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत ८ तासांना ९० डेसिबल चालतात, त्यामुळे वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यात वीस वर्षं प्रेसवर काढलेल्या कामगाराच्या आलेखात ४००० हर्ट्झवर खळगा दिसला तर नवल नाही. फोमचा बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सारायचा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने दाबून धरायचा. नुसता दाराशी लटकवलेला बोळा शोभेचा.

कायदा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल, रुग्णालयं, शाळा, न्यायालयांभोवती १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते ६. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या निकालाचा या विषयात आजही दाखला दिला जातो. गडकरी रंगायतनसमोरच्या तलावपाळीवर दिवाळी पहाटेला मीटर धरला, तर तो या आकड्यांशी काय बोलेल ते ठाणेकरांना सांगायला नको.

आता मशीन. चांगल्या मशीनचं काम लाउडस्पीकरचं नसतं. शंभराच्या खोलीतलं सामान चाळिसाच्या खोलीत लावून देणं हे त्याचं काम. हळू आवाज खूप वाढवायचा, मध्यम थोडा, मोठ्याला जवळपास हात लावायचा नाही. याला कॉम्प्रेशन म्हणतात. तेही प्रत्येक सुराला वेगळं, कारण रेघ उतरती आहे. ऑनलाइन मिळणारी दीड-दोन हजारांची "कानाची मशीन" बहुधा सगळंच सरसकट वाढवतात, आणि जास्त करून खालचे सूर, जे आधीच नीट ऐकू येत असतात. भाजीवाल्याचा 'स' येत नाही तो नाहीच, वर बसची घरघर छताला आपटते. लोक मशीनला नावं ठेवतात ती बऱ्याचदा या अनुभवावरून.

मशीन कोणत्या आकाराचं, हा प्रश्न लोकांना सगळ्यात मोठा वाटतो, पण तो दुय्यम आहे. कानात लपणारं छोटं मशीन दिसत नाही हे खरं. पण त्याचा सेलही नखाएवढा असतो आणि पंचाहत्तरीच्या थरथरत्या बोटांना तो बदलता येत नाही. शिवाय मळ आणि घाम थेट यंत्रात जातो. कानामागे बसणारं, तारेच्या टोकाला कानात छोटा स्पीकर असलेलं मशीन बहुतेकांना सोयीचं पडतं. दोष जास्त असेल तर मागचं मशीन, नळी आणि कानाच्या मापाचा मोल्ड. मापासाठी आधी कानात खोलवर दोऱ्याचा कापूस ठेवून मगच सिलिकॉन भरतात. तो कापूस विसरला तर मसाला पडद्यापर्यंत जातो. दोन्ही कान गेले असतील तर मशीनही दोन घ्यावीत. हॉर्न उजवीकडून आला की डावीकडून, हे मेंदू दोन कानांपर्यंत पोचणाऱ्या आवाजातल्या वेळेच्या, मिलिसेकंदाहूनही कमी फरकावरून ठरवतो. तीन हात नाक्यावर रस्ता ओलांडताना एकाच कानातलं मशीन हा फरक हिरावून घेतं.

मशीन लावल्या लावल्या पहिली तक्रार येते: "माझाच आवाज माठात बोलल्यासारखा येतो." बरोबर आहे. बोलताना जबड्याच्या हाडातून नळीत उतरणारे खालचे सूर एरवी बाहेर निसटतात, मोल्डने दार बंद केलं की आत घुमतात. इलाज म्हणजे मोल्डला आरपार एक-दोन मिलिमीटरचं भोक, किंवा मोल्डऐवजी भोकांचं रबरी टोपण. पण त्याच भोकातून वाढवलेला आवाज बाहेर येऊन माइकमध्ये शिरतो, पुन्हा वाढतो, पुन्हा शिरतो आणि शिट्टी वाजते. भोक मोठं तर शिट्टी, लहान तर माठ. या तडजोडीला दोन-तीन खेपा लागतात, आणि पहिल्याच खेपेला "सेट करून दिलंय, आता सवय होईल" म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

सेटिंगबद्दल एकच प्रश्न विचारावा: कानात नळी घालून मोजणार का? संगणकात आलेख भरला की कंपनीचं सॉफ्टवेअर एका टिचकीत सेटिंग देतं. ते सरासरी कानासाठी असतं आणि बहुधा वरच्या सुरांना हात आखडता ठेवतं, म्हणजे गिऱ्हाईक पहिल्या दिवशी कुरकुरत नाही. पण प्रत्येकाची नळी वेगळी, घुमणं वेगळं. रिअल इअर मेजरमेंटमध्ये पडद्याजवळ बारीक सिलिकॉनची नळी ठेवून मशीनसकट कानात खरोखर किती आवाज पोचतो ते मोजतात आणि आलेखावरून किती आवाज हवा ते सांगणाऱ्या एनएएल-एनएल२ सारख्या सूत्राने आलेल्या लक्ष्याशी पडताळतात. हळू, मध्यम, मोठा, तिन्ही आवाजांना. मशीनची कमाल मर्यादा छताच्या खाली आहे ना, तेही तिथेच कळतं. हे उपकरण सगळ्या केंद्रांत नसतं. मशीनच्या वरच्या मॉडेलवर वीस हजार जादा घालण्यापेक्षा ते असलेलं केंद्र शोधणं फायद्याचं.

पहिले काही दिवस घरातच लावावं, रोज तीन-चार तासांपासून वाढवत. पंखा खरखरतो, वर्तमानपत्र चुरचुरतं, स्वतःच्या चपला वाजतात, पाल चुकचुकते. हे आवाज होतेच, मेंदूला त्यांचा विसर पडला होता. ते पुन्हा मागे ढकलायला त्याला काही आठवडे लागतात. थेट ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता चाचणी घेतली तर मशीन नापासच होणार.

बिघाडांपैकी बरेच घरी सुटतात. मशीन मुठीत बंद करून धरा, शिट्टी आली तर यंत्र जिवंत आहे. आली नाही तर आधी सेल. हे झिंक-एअर सेल हवेवर चालतात. मागचा चिकट कागद काढल्यावर निदान एक मिनिट, जमल्यास पाच, तसाच उघडा ठेवून मग बसवावा. कागद पुन्हा चिकटवून सेल वाचत नाही. रंगावरून नंबर ओळखता येतो: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. सेल ठीक आणि तरी आवाज नाही, तर स्पीकरच्या तोंडाशी मळ. तिथली इवलीशी पांढरी जाळी बदलायची, सुईने टोकरायची नाही. लावलेलं असताना शिट्टी वाजत असेल तर मोल्ड नीट बसलेला नाही, नळीला चीर गेली आहे किंवा कानात मळ आहे, जो आवाज मागे परतवतो. मोल्डची नळी काही महिन्यांत कडक आणि पिवळी पडते, ती बदलणं हा किरकोळ खर्च असतो.

आपल्याकडचा खरा शत्रू म्हणजे जून ते सप्टेंबर. खाडीकाठची दमट हवा आणि घाम, दोन्ही मिळून नळीत थेंब धरतात आणि आवाज तुटक येऊ लागतो. नळी मशीनपासून सोडवून रबरी फुग्याने फुंकायची. हेअर ड्रायर नको. रात्री सेलचं झाकण उघडून, सेल बाहेर काढून, मशीन सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवायचं. सेल त्यात ठेवला तर तो वाळून निकामी होतो. दाण्यांचा रंग बदलला की दाणे बदलायचे. चार्जिंगच्या मशीनला ही सेलची कटकट नाही, पण डबीचा नेम त्यांनाही हवाच.

पैशांचं थोडक्यात. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना मशीन विनामूल्य किंवा सवलतीत मिळतं. वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा आणि श्रवणदोषांच्या कामात आहे आणि ठाण्याहून दादरला गाडी बदलून तासा-सव्वा तासात गाठता येते. ऑडिओलॉजिस्टची (कान तपासून मशीन बसवणाऱ्या श्रवणतज्ज्ञाची) भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

इतकं करूनही मशीन एका ठिकाणी हरतं, ते म्हणजे अंतर. तोंडापासून माणूस दुप्पट लांब गेला की थेट पोचणारा आवाज ६ डेसिबलने घटतो. एक मीटरवरचे ६५ चार मीटरवर ५३ होतात, आणि पंख्याची, टीव्हीची, रस्त्याची घरघर तिथेच राहते. धडधाकट कान गोंगाटाइतक्याच आवाजातलं बोलणं निवडून घेतो. दुबळ्या कानाला बोलणं गोंगाटाच्या बरंच वर लागतं. मशीनचे दोन माइक समोरचा आवाज थोडा निवडून देतात, पण स्वयंपाकघरातून भिंतीवर आपटत आलेलं वाक्य कुठलंही मशीन सरळ करू शकत नाही. नाटकाला मागच्या रांगेचं स्वस्त तिकीट काढू नये ते यासाठीच.

तेव्हा स्वयंपाकघरातून विचारू नये. दोन पावलं चालून समोर यावं, खिडकीकडे पाठ करू नये, म्हणजे ओठांवर उजेड पडतो. आधी नुसतं "आई" म्हणावं आणि त्या बघेपर्यंत थांबावं. मग नेहमीच्याच आवाजात, जरा सावकाश. पहिल्यांदा कळलं नाही तर तेच वाक्य चढ्या आवाजात म्हणण्याऐवजी शब्द बदलावेत. 'साठ' दोनदा गळला तर तिसऱ्यांदाही गळणारच. 'सहावर शून्य' म्हणावं. आणि मिक्सर चालू असेल तर तो आधी बंद करावा.